आजीच्या कॅसेटी : कामाच्या नोंदी

१२ जानेवारी

आजीचा आवाज असलेल्या डब्यातल्या सगळ्या कॅसेटी काढून तीन ढीग केले. पहिला बाहेरून धड दिसणाऱ्यांचा. दुसऱ्यात काही ना काही तुटलेलं: कवच तडकलेलं, आतलं फेल्ट निखळलेलं, टेप बाहेर लोंबणारी. तिसऱ्यात फक्त दोन. त्यांच्या खिडकीतून रिळाच्या कडेवर पांढरी बुरशी दिसते. त्या पिशवीत बंद करून दुसऱ्या खोलीत ठेवल्या. बुरशीची कॅसेट डेकमध्ये, म्हणजे वाजवायच्या यंत्रात, घातली की बुरशी हेडला (टेप वाचणाऱ्या भागाला) आणि रोलरला लागते, आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला. मास्क लावल्याशिवाय उघडायच्याही नाहीत.

बहुतेक सी-६० (दोन्ही बाजू मिळून ६० मिनिटांच्या) आहेत, काही सी-९०, एक सी-१२०. सी-६०ची टेप १६ ते १८ मायक्रॉन जाड असते, सी-९०ची १२ च्या आसपास, सी-१२०ची जेमतेम ९. पातळ टेप तुटायची भीती जास्त, म्हणून सी-१२० सर्वांत शेवटी.

काहीही उघडण्याआधी प्रत्येकीचे दोन्ही बाजूंनी फोटो काढले. लेबलांवर आत्याचं अक्षर आहे. एकीवर नुसतं "आई, पाऊस" लिहिलंय. ही लेबलं काढायची नाहीत, सुटत असली तरी चिकटवायची नाहीत.

१५ जानेवारी

दादाशी फोनवर बराच वेळ. त्याचं म्हणणं सरळ आहे: कॅसेटी आहेत तशा राहू देत. कपाटात पडून असल्या तरी आपल्याजवळ आहेत. तू उघडलीस आणि टेप तुटली तर आहे तेही जाईल.

यात खोट काढता येत नाही, पण एक गोष्ट तो धरून चालतो: हात लावला नाही की वस्तू आहे तशी राहते. लाकडी पेटी राहते, काचेचा तडा राहतो. टेप राहत नाही. आयर्न ऑक्साइडचे कण प्लास्टिकच्या पट्टीवर ज्या बाइंडरने धरून ठेवलेले असतात तो हवेतली ओल शोषतो आणि हळूहळू विरत जातो. गुंडाळीतला एक थर शेजारच्या थरावर चुंबकीय ठसा उमटवतो, म्हणून जुन्या कॅसेटीत कधी कधी वाक्य सुरू होण्याआधीच त्याचा पुसट भास ऐकू येतो. आणि टेप टिकली तरी ती वाजवणारं यंत्र टिकायला हवं. युनेस्को आणि ध्वनिसंग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना आयासा यांनी २०१९ साली जगभरच्या संग्रहालयांना हाच इशारा दिला होता. चुंबकीय टेपवरचा ठेवा वेळेत डिजिटल करा, कारण डेक, सुटे भाग आणि ते दुरुस्त करणारे हात, तिन्ही संपत चालले आहेत.

तेव्हा "जपायचं की दुरुस्त करायचं" हे सगळ्या डब्याला मिळून विचारण्यात अर्थ नाही. एकेका भागाला विचारायचं: हात न लावता हे असंच राहील का? लेबलं, चरे, कव्हरवरचे शाईचे डाग राहतील, त्यांना हात नाही. टेप, फेल्ट, तडकलेली कवचं राहणार नाहीत, ती दुरुस्त करायची.

दादाला पटलं असं वाटलं नाही. पण "आधी एक करून दाखव" म्हणाला.

१९ जानेवारी

डेकची तयारी. जुना पट्टा वितळून काळ्या चिकट्यासारखा झाला होता. पुलीवरून पुसून काढायलाच दुपार गेली. नवा पट्टा घातला. हेड आणि कॅपस्टन (टेप पुढे ओढणारा फिरता दांडा) ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले, हेडचं चुंबकत्व काढलं. ३१५० हर्ट्झचा स्वर असलेल्या चाचणी-कॅसेटवर ३१४४ मिळतात, म्हणजे वेगातली चूक ०.२ टक्क्यांच्या आत. डेकवर भरवसा ठेवायला हरकत नाही.

२५ जानेवारी

दुसरा ढीग हातात घेतला. फेल्ट निखळलेल्या कॅसेटी सर्वांत सोप्या. टेपला हेडवर हलकेच दाबून धरणारा तो छोटा तुकडा असतो. त्याचा गोंद सुकला की तो पडतो, आणि आवाज दबका, लांबून आल्यासारखा होतो. अशी कॅसेट बिघडली म्हणून लोक फेकून देतात आणि टेप मात्र ठणठणीत असते.

स्क्रूची कॅसेट उघडता येते. वितळवून जोडलेल्या कवचाला स्क्रू नसतात, ते सांध्यावर पातं लावून फोडावं लागतं. अशांसाठी कोऱ्या, स्क्रूच्या कॅसेटी घेतल्या आहेत. त्यांच्यातली टेप काढायची आणि आजीची रिळं त्यांच्या कवचात बसवायची. फोडलेलं जुनं कवच लेबलासकट वेगळ्या पाकिटात.

एक कोणीतरी पूर्वी साध्या पारदर्शक चिकटपट्टीने जोडलेली निघाली. तिचा गोंद कडेने पसरून पुढच्या-मागच्या वेढ्यांना चिकटला होता. पट्टी सोडवली, गोंद पुसला, टेप जोडायच्या खास पट्टीने पुन्हा जोडलं. जोड नेहमी टेपच्या मागच्या बाजूला द्यायचा, जी बाजू हेडला लागत नाही. जुनी टोकं फाटकी होती, ५ मिलिमीटर कापावी लागली. कॅसेट सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर धावते, म्हणजे साधारण एक दशांश सेकंद गेला. तिथे आजी श्वास घेत होती, शब्द नव्हता.

जाता जाता: जुन्या टेपा ओव्हनमध्ये भाजण्याचा सल्ला हल्ली सर्रास दिला जातो. तो मुख्यतः १९७०-८०च्या दशकांतल्या ठरावीक रीळ-टेपांसाठी आहे, ज्यांचा पॉलियुरेथेन बाइंडर चिकट होतो. त्या ५४ अंश सेल्सियसच्या आसपास कित्येक तास ठेवतात आणि नंतरचे काही दिवस-आठवडेच त्या नीट वाजतात. आमच्या कॅसेटी चिकट नाहीत. उगाच भाजल्या तर कवचं वाकतील, एवढंच.

२६ जानेवारी

"आई, पाऊस" ही कॅसेट कधीतरी डेकने खाल्लेली आहे. सुमारे १२ सेंटिमीटर टेप चुरगळून कागदाच्या बोळ्यासारखी झाली आहे. कापून टाकली तर जोड स्वच्छ येईल, पण अडीच सेकंद जातील. ठेवली तर तिथे आवाज थरथरेल, मधेच बुडेल.

ठेवली. बोटाने सपाट केली, आणि कॅसेट एका टोकापर्यंत घट्ट गुंडाळून तशीच राहू दिली आहे. सुरकुत्या थोड्या बसतील, पूर्ण जाणार नाहीत.

१ फेब्रुवारी

पहिली कॅसेट संगणकावर उतरवली. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ. एका बाजूची, म्हणजे अर्ध्या तासाची, फाइल एक जीबीच्या थोडी वर जाते. या मूळ फाइलवर कसलीही प्रक्रिया नाही, खरखरसुद्धा काढायची नाही. जे काही करायचं ते ऐकायच्या प्रतीवर. हा नियम माझा नाही, ध्वनिसंग्रहालयं असंच करतात. दादाची निम्मी भीती यातच मिटायला हवी: दुरुस्ती बिघडली तर प्रत फेकायची, मूळ फाइल आणि टेप दोन्ही जागेवर.

सगळ्यात जास्त वेळ हेडचा कल जुळवण्यात गेला. रेकॉर्डिंग ज्या यंत्रावर झालं त्याचं हेड जरासं तिरकं असणार. माझ्या हेडचा कल त्याच्याशी जुळला नाही तर वरचे स्वर नाहीसे होतात. दोन्ही चॅनल एकत्र करून ऐकायचं आणि स्क्रू केसभर फिरवत राहायचं. आजीचे "स" आणि "श" वेगळे ऐकू यायला लागले की थांबायचं. हे प्रत्येक कॅसेटला नव्याने.

डेकवरचं डॉल्बी, म्हणजे खरखर कमी करायची सोय, बंद. रेकॉर्डिंगचं जुनं यंत्र साधं होतं, त्यात डॉल्बी नव्हतं.

८ फेब्रुवारी

आज जे सापडलं त्याची अपेक्षा नव्हती.

रेकॉर्डिंगमध्ये विजेची घरघर आहे, यंत्र थेट विजेवर चालवलं असणार. ती काढून टाकायला म्हणून वर्णपट (आवाजातल्या वारंवारता दाखवणारा आलेख) उघडला. घरातली वीज ५० हर्ट्झची, तेव्हा घरघर ५० वर आणि तिच्या पटीत १००, १५० वर असायला हवी. इथे ती ५३, १०६, १५९ वर आहे. विजेची वारंवारता इतकी हलत नाही आणि माझा डेक तपासलेला आहे. याचा अर्थ एकच, जुनं यंत्र रेकॉर्ड करताना हळू चालत होतं, म्हणून ही टेप योग्य वेगाच्या कुठल्याही डेकवर सहा टक्के जलद वाजते. सहा टक्के म्हणजे जवळजवळ एक अर्धस्वर वर.

घरघर आधी पुसली असती तर हे कधीच कळलं नसतं. जो कचरा म्हणून काढणार होते तीच या कॅसेटीतली एकमेव मोजपट्टी आहे.

प्रतीवर वेग दुरुस्त केला. तीस मिनिटांची बाजू पावणेबत्तीसच्या वर गेली. आवाज खाली आला, जाड झाला. ऐकताना मी खुर्चीत मागे सरकले. ही कोणीतरी वयस्क, शांत बाई होती. मला माहीत असलेली आजी पातळ आवाजाची, लगबगीने बोलणारी.

९ फेब्रुवारी

दोन्ही प्रती दादाला पाठवल्या. त्याचं उत्तर: "दुसरी आजी वाटत नाही. पहिलीच ठेव."

आम्ही दोघं आजी गेली तेव्हा फार लहान होतो. तिचा आवाज म्हणून आम्हाला जो आठवतो तो कॅसेटीतूनच आलेला आहे, पुन्हा पुन्हा ऐकून पक्का झालेला. आमची आठवण आजीची नाही, यंत्राच्या मोटरची आहे, असं मी त्याला म्हटलं. त्याला ते लागलं. म्हणाला, "मोटरची तर मोटरची. मी तीच ऐकत मोठा झालो."

आत्याला काही न सांगता दोन्ही ऐकवल्या. दुसरी सुरू झाली तशी ती म्हणाली, "हां, हा आईचा आवाज." आणि लगेच, "पण ती इतकी सावकाश नाही गं बोलायची." वेग आणि स्वर एकत्रच बदलतात, एक बरोबर आणि दुसरा चूक असं होत नाही, हे मी तिला समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि मान हलवली. पटल्याची नव्हती ती.

निर्णय: दोन्ही प्रती राहतील. एकीचं नाव "जशी वाजते", दुसरीचं "घरघरीवरून वेग दुरुस्त". नुसतं "दुरुस्त" लिहायचं नाही, कशावरून ते लिहायचं.

१६ फेब्रुवारी

खरखर. सॉफ्टवेअरला शांत जागेतला तुकडा दाखवला की ते त्या आवाजाचा नमुना घेऊन सगळीकडून वजा करतं. २० डेसिबल काढले तर आजी पाण्याखालून बोलते. सहावर थांबले. खरखर आहे, पण शब्दांच्या मागे गेली.

मागे एक खुर्ची करकरते, जवळजवळ प्रत्येक कॅसेटीत. दादा म्हणाला, ती तरी काढ, डोकं उठतं. काढता येते. एकेक करकर वर्णपटात निवडून पुसायची, कष्टाचं पण सरळ काम आहे. थोडी पुसलीही. मग आत्या म्हणाली की ती आजोबांची खुर्ची. ते समोर बसून ऐकायचे, कधी एक शब्द बोलायचे नाहीत. टेपवर त्यांचं असं दुसरं काहीच नाही.

पुसलेल्या जागा मूळ फाइलमधून परत आणल्या. दादानेच सांगितलं आणायला.

२३ फेब्रुवारी

विहिरीची कॅसेट. आजी सात-आठ वर्षांची असताना विहिरीत पडली होती, ती गोष्ट. काठावर कशी गेली, पाय कसा घसरला, पाणी किती गार होतं, सगळं नीट आहे. "आणि तेवढ्यात" म्हणते आणि तिथे खट्ट. पुढची चाळीसेक सेकंद रेडिओवरचं गाणं. मग पुन्हा खट्ट आणि आजी: "तेव्हापासून पाण्याची भीती गेली ती गेलीच."

गेली! आली नाही. मधल्या चाळीस सेकंदांत काय झालं ते सांगणारं टेपवर काही नाही.

कॅसेटीची मागची प्लास्टिकची टोपी तोडली की तिच्यावर परत रेकॉर्ड होत नाही. या कॅसेटची टोपी शाबूत आहे, बाकी बहुतेकींची तोडलेली. कोणाचं तरी बोट लाल बटणावर पडलं असणार.

२४ फेब्रुवारी

खालचा आवाज परत मिळतो का? नाही, असंच धरून चालायचं. नवं रेकॉर्डिंग होताना टेप आधी इरेज हेडखालून जाते आणि तिथे उच्च वारंवारतेचं चुंबकीय क्षेत्र जुनं सगळं विस्कटून टाकतं.

अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांच्या टेपमधली साडेअठरा मिनिटांची पोकळी अशीच. २० जून १९७२ च्या संभाषणावर नुसती घरघर उरली आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने ती परत मिळवता येते का हे अनेक वर्षांनी पाहिलं, पण मूळ टेपवर नाही. मुद्दाम पुसलेल्या चाचणी-टेपा तज्ज्ञांना दिल्या. त्यांवरचं समाधानकारक परत आलं नाही, म्हणून २००३ साली प्रयत्न थांबवला आणि मूळ टेप पुढच्या काळासाठी तशीच सांभाळून ठेवली. घाईने हात घातला असता तर पुढच्यांसाठी काही उरलं नसतं. हात लावू नये असं मलाही पटलेलं हे पहिलं उदाहरण, दादाला कळवलं. तो खूश.

२ मार्च

खूश फार वेळ राहिला नाही. आज वेगळंच घेऊन आला: आवाजाची नक्कल करणारी साधनं आता आहेत. तासन् तास आजीचा आवाज आपल्याकडे आहे. मधे काय झालं ते मला माहीत आहे, वाक्य मी लिहून देतो, तू तिच्या आवाजात घाल.

गंमत अशी की हात लावू नकोस म्हणणारा तो आणि आता घाल म्हणणाराही तोच. त्याला नवल वाटत नाही. त्याच्या लेखी दोन्ही वेळा तो आठवणच जपतो आहे.

"तुला काय माहीत आहे?"

"भावाने उडी मारली. तिच्या मोठ्या भावाने."

आत्याला विचारलं. तिच्या आठवणीत भाऊ नाहीच. पाणी भरायला आलेल्या एका अनोळखी बाईने दोर सोडला आणि आजी स्वतः धरून वर आली. म्हणून तर भीती गेली, असं तिचं म्हणणं. शेवटच्या वाक्याला हे जास्त जुळतं, पण जुळणं हा पुरावा नाही.

इमारती आणि स्मारकं दुरुस्त करणाऱ्यांनी १९६४ साली व्हेनिसमध्ये जी सनद केली, तिच्यात हे सरळ लिहिलंय: जिथे अंदाज सुरू होतो तिथे दुरुस्ती थांबली पाहिजे. आणि गेलेल्या भागाच्या जागी नवं घातलंच तर ते एकूणात शोभावं, पण मुळाहून वेगळं ओळखू यावं. रोमच्या केंद्रीय पुनर्स्थापना संस्थेत चेझारे ब्रांदी यांच्या काळात भित्तिचित्रांसाठी त्याची एक रीतच बसली. रंग गेलेल्या जागी बारीक उभ्या रेघा भरायच्या. लांबून चित्र सलग दिसतं, जवळ गेलं की रेघा वेगळ्या दिसतात. बघणाऱ्याला फसवायचं नाही आणि भोकही दाखवत बसायचं नाही.

आवाजाला ही सोय नाही. कानाला "जवळ जाऊन बघणं" जमत नाही. नक्कल केलेलं वाक्य कितीही वेळा ऐकलं तरी आजीचंच वाटेल, आणि दहा वर्षांनी दादाच्या मुलांना ती आजीचीच साक्ष वाटेल. सहा टक्क्यांच्या चुकीने आम्हा दोघांना एक आजी दिली होती. हे तर आख्खं वाक्य.

मशीन लर्निंगला, म्हणजे नमुन्यांवरून शिकणाऱ्या सॉफ्टवेअरला, माझा विरोध नाही. बीटल्स या बँडने २०२३ साली त्यांच्यातल्या दिवंगत जॉन लेननच्या जुन्या घरगुती कॅसेटवरून त्याचा आवाज पियानोपासून अशाच तंत्राने वेगळा केला. १९९० च्या दशकात त्यांना ते जमलं नव्हतं. पण तो आवाज टेपवर होता, तिथून वेगळा काढला. इथे टेपवर काहीच नाही.

दादाला म्हटलं, घालणार नाही. त्याने फोन ठेवला.

९ मार्च

दादाचा फोन. नक्कल नको हे त्याने मान्य केलं, पण एक गोष्ट बरोबर बोलला: "पोकळी तशीच ठेवायची म्हणतेस, मग पुढच्यांना काय कळणार? तुझं खरं आणि त्यांच्या हातात गाणं?"

मग ठरलं ते असं. ऐकायच्या प्रतीत गाणं जिथे आहे तिथेच राहील, खट्ट-खट्ट सकट. दादाने त्याची आठवण त्याच्या आवाजात सांगायची, आत्याने तिची तिच्या आवाजात. दोन वेगळ्या फाइली, कोण बोलतंय, कधी, कोणाकडून ऐकलेलं, हे सुरुवातीला सांगून. त्या विहिरीच्या कॅसेटशेजारी राहतील, तिच्या आत नाही.

टोप्या शाबूत असलेल्या सगळ्या कॅसेटींच्या टोप्या आज तोडल्या.

१५ मार्च

दादाची फाइल आली. नेमकी, दीड मिनिटाची, "मला आठवतं त्याप्रमाणे" अशी सुरुवात. भावाची उडी त्यात आहे, पण शेवटी आपणहून म्हणतो की हे कोणी सांगितलं ते मात्र आठवत नाही.

आत्याची अकरा मिनिटांची आहे. विहीर दोन मिनिटांत संपते. पुढे टेपरेकॉर्डर घरात कसा आला, आजोबांना तो का आवडायचा नाही, "आई, पाऊस" मधला पाऊस कुठला, आणि गाणं कोणी रेकॉर्ड केलं याचा तिला असलेला संशय. संशय दादावर आहे. दादा म्हणतो, मी तेव्हा बटणापर्यंत पोचत तरी होतो का?

ही फाइल विहिरीशेजारी ठेवायची की तिची वेगळी नोंद करायची हे ठरायचं आहे. सी-१२० आणि बुरशीच्या दोन अजून बाकी. बुरशीच्या आधी पूर्ण कोरड्या करायच्या, मग मऊ ब्रश, खिडकी उघडी ठेवून.